ग्रीन टीतलं थिआनिन आणि कोंबडीचं आतडं : प्रकल्प नोंदी, कोल्हापूर

१२ डिसेंबर २०२४

विषय आज नक्की झाला. ग्रीन टीमध्ये थिआनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते आतड्याच्या भिंतीतून पलीकडे कसं जातं, हे कोंबडीच्या आतड्यावर बघायचं.

हाच विषय का, असं मॅडमनी विचारलं. खरं कारण सांगून टाकलं. बाबांची रंकाळ्याजवळ चहाची गाडी आहे. सकाळी फिरायला येणारी मंडळी अलीकडे ग्रीन टी मागतात, म्हणून बाबांनी गुळाच्या चहाशेजारी गरम पाण्याचं एक पातेलं आणि टी-बॅगांचा डबा ठेवलाय. गेल्या महिन्यात रात्री भांडी आवरता आवरता ते म्हणाले, "आगं, गिराईक म्हणतंय ह्यात डोकं शांत करणारं काय तरी हाय म्हणं. पोटात गेलेलं डोक्यापतुर जातंय कसं?"

मेंदूपर्यंतचा प्रवास आमच्या प्रयोगशाळेत बघता येणार नाही. पण पहिला उंबरा आतड्याचा, तो बघता येईल. मॅडम हो म्हणाल्या. माझ्याबरोबर वर्गातली एक मैत्रीण आहे. आकडेमोड तिची, दोरे बांधणं माझं.

१५ डिसेंबर

दिवसभर वाचन. उपयोगी तेवढं इथे उतरवते.

थिआनिन १९४९ मध्ये जपानमध्ये साकातो यांनी ग्योकुरो या चहाच्या पानांतून वेगळं केलं. आपल्या शरीरातली प्रथिनं ज्या वीस अमिनो आम्लांनी बनतात त्यांत हे नाही. चहाचं झाड ते मुळांमध्ये तयार करतं, ग्लुटामिक आम्ल आणि इथाइल-अमाइन जोडून, आणि तिथून ते वर पानांकडे चढतं. पानांवर ऊन पडलं की त्यातलं बरंचसं कॅटेचिन म्हणजे तुरट द्रव्य बनवण्यात खर्ची पडतं. म्हणून ग्योकुरोची झुडपं तोडणीआधी तीनेक आठवडे झाकून ठेवतात. सावलीतल्या पानात थिआनिन टिकतं आणि चहा गोडसर लागतो. वाळलेल्या पानाच्या वजनात साधारण एक ते दोन टक्के थिआनिन असतं. एका कपात काही मिलिग्रॅमपासून पंचवीसेक मिलिग्रॅमपर्यंत उतरतं, आणि काळ्या चहातही ते असतं. म्हणजे बाबांच्या गुळाच्या चहातही आहे.

आता आमच्या कामाचं. कागदावर रेणू काढून बघितला की लगेच कळतं : थिआनिन म्हणजे टोकाला इथाइल गट लावलेलं ग्लुटामिन. आतड्याच्या पेशींना ग्लुटामिन रोज लागतं, आत घेण्यासाठी त्यांच्याकडे वाहक प्रथिनं आहेत. त्याच दारातून थिआनिनही आत शिरतं. ग्लुटामिनइतकी घट्ट पकड मात्र त्याला मिळत नाही. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी गिनीपिगच्या आतड्याच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब मोजून दाखवलं, की थिआनिन सोडियमच्या जोडीनं आत जातं.

ही सोडियमची जोडी मला फार आवडते. पेशीच्या मागच्या बाजूला एक पंप सतत चालू असतो. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आणि त्यावर ऊर्जा खर्च. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी राहतं. विहीर उपसत राहिली की झरे आत वाहतात, तसं बाहेरचं सोडियम आत यायला बघतं आणि येताना अमिनो आम्लाला हाताशी धरून आणतं. साखरेचंही तसंच. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथे ही कल्पना पहिल्यांदा मांडली. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्यानं माणसं मरत होती आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारोंना वाचवलं. ते पाणी चाललं ते याच दारामुळे. लहानपणी जुलाब झाले की आई चिमूटभर मीठ, मूठभर साखर करायची. त्यातलं मीठ कशासाठी असतं ते मला आत्ता, या वयात नीट समजलं.

पद्धत ठरली : उलटी पिशवी. विल्सन आणि वाइजमन यांची, १९५४ ची. आतड्याचा तुकडा पायमोज्यासारखा उलटा करायचा, दोन्ही टोकं बांधायची. शोषणारी बाजू बाहेर येते, रक्ताकडची बाजू आत. बाहेरून जे आत पोचेल ते पार झालं.

१९ डिसेंबर

शाहूपुरीतल्या चिकनच्या दुकानात गेलो. दुकानदार मामांना आधी वाटलं मला वजडी हवीय. "वजडी बकऱ्याची ओ ताई, ती मटणवाल्याकडं. कोंबडीचं आतडं कोन खातंय?" कशासाठी हवं ते सांगितलं तर हातातलं काम थांबवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कापल्या कापल्या आतडं काढून माझ्या थर्मासमध्ये सोडलं. पैसे घेतले नाहीत. "पास झालासा की पेढे द्या."

थर्मासमध्ये बर्फाच्या गारठ्यातलं क्रेब्ज-रिंगर द्रावण, म्हणजे शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं पाणी, त्यात बायकार्बोनेटही. दुकानातून टेबलापर्यंत १७ मिनिटं, त्यातली चार दसरा चौकाच्या सिग्नलला गेली. उद्यापासून मागच्या गल्लीनं.

कुठला तुकडा घ्यायचा ते आज शिकलो. सुरुवातीचा फास स्वादुपिंडाला कवटाळून असतो, तो सोडायचा. त्यापुढे खाली एक बारीक फोडासारखा उंचवटा लागतो, तो मेकेलचा डायव्हर्टिक्युलम, पिल्लू अंड्यात असताना बलक जिथून आत येत होता त्याची खूण. फास ते ही खूण एवढा भाग जेजुनम, लहान आतड्याचा मधला भाग. आम्हाला तोच हवा.

उलटं करताना पहिले तीन तुकडे फाटले. चौथा जमला. काचेच्या कांडीच्या टोकाला एक बाजू दोऱ्यानं बांधायची आणि ओल्या बोटांनी हळूहळू वर सरकवायचं, ओढायचं नाही. उलटलेला तुकडा साध्या भिंगाखाली धरला तर बाहेरून सगळं मखमल. एकेक लव वेगळी दिसते, द्रावण हललं की सगळ्या एकदम झुकतात. माणसाच्या आतड्याचं क्षेत्रफळ टेनिस कोर्टाएवढं असं आम्ही बारावीत पाठ केलं होतं. २०१४ च्या नव्या मोजणीत संपूर्ण पचनमार्गाचं मिळून ३२ चौरस मीटरच्या आसपास निघालं. कोर्टाहून बरंच लहान, तरी आमच्या घराच्या दोन खोल्यांएवढं.

२७ डिसेंबर

पहिला पूर्ण प्रयोग. वाया.

द्रावणात फिनॉल रेड घातला होता, पिशवी गळते का ते कळावं म्हणून. तो शोषला जात नाही, तेव्हा आतल्या पाण्यात दिसला तर गळती. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण मिळालं नाही, म्हणून माशांच्या टाकीचा हवेचा पंप लावला. वीस मिनिटांत बाहेरचं द्रावण नारिंगी-लाल होतं ते गडद गुलाबी झालं. बायकार्बोनेटचं द्रावण ७.४ वर राहतं ते वरून ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिळत राहिला तरच. साध्या हवेचे बुडबुडे सोडले की तो उडून जातो आणि पीएच चढत जातो. आम्ही मोजला तेव्हा ८.३ होता.

गळती बघायला घातलेल्या रंगानं दुसरीच चूक दाखवली. पुढेही तो ठेवणार आहे.

३ जानेवारी २०२५

बायकार्बोनेट सोडून ट्रिस घेतला, हाही पीएच धरून ठेवणारा बफर. शेजारच्या विभागातून छोटा ऑक्सिजन सिलिंडर आठवड्यासाठी मिळाला. चार पिशव्या, ३७ अंश, ४५ मिनिटं. मोजायला निनहायड्रिन : अमिनो आम्लाबरोबर उकळलं की जांभळा रंग, ५७० नॅनोमीटरला वाचायचा.

सगळ्या नळ्या जांभळ्या. थिआनिन नसलेल्याही. नुसतं द्रावण, ज्यात आतडं बुडवलंच नव्हतं, तेही जांभळं!

निनहायड्रिनची बाटली जुनी आहे का, काचेला हात लागले का (बोटांच्या घामातही अमिनो आम्लं असतात), सगळं तपासलं. रात्री साडेआठला दिवे घालवून निघालो. दोघीही गप्प.

६ जानेवारी

उत्तर ट्रिसमध्येच होतं. ट्रिसच्या रेणूवर स्वतःचा अमाइन गट आहे, निनहायड्रिन त्याच्याशीही रंग देतं. बाटलीवरचं पूर्ण नाव वाचलं असतं, ट्रिस-हायड्रॉक्सीमिथाइल-अमिनोमिथेन, तर तीन दिवस वाचले असते. नाव रोज तोंडात होतं, पण आखूड केलेलं.

हेपेस मागवलं, तोही बफरच. त्याच्यावरचे नायट्रोजन तिन्ही बाजूंनी बांधलेले आहेत, निनहायड्रिनला धरायला मोकळा अमाइन नाही.

१३ जानेवारी

हेपेस आलं. नुसतं द्रावण : रंग नाही. किती बरं वाटलं ते लिहून ठेवते.

मग थिआनिन न घालता दोन पिशव्या चालवल्या. आतल्या पाण्यात तरीही स्पष्ट जांभळा. हे अपेक्षित होतं, फक्त इतकं असेल असं वाटलं नव्हतं. आतड्याच्या पेशींत स्वतःची मोकळी अमिनो आम्लं भरलेली असतात, ती पाझरतात. कोंबडीच्या पोटातलं खाद्यही असतंच. म्हणजे नुसत्या जांभळ्या रंगावरून "थिआनिन पार झालं" म्हणायचा हक्क आपल्याला नाही. वर्गातल्या एकानं सुचवलं, रिकाम्या पिशवीचं वाचन वजा करा आणि पुढे चला. मॅडमना आणि मला ते पटलं नाही. प्रत्येक पिशवीचा पाझर वेगळा. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून छोटा आकडा काढला, तर त्यात चूकच जास्त असते.

थिआनिन वेगळं करून बघायलाच हवं. कागदी क्रोमॅटोग्राफी : कागदावर द्रव चढू द्यायचा, त्याबरोबर प्रत्येक पदार्थ वेगळ्या उंचीपर्यंत जातो.

उद्या संक्रांत. मामांना तिळगूळ न्यायचा आहे.

१९ जानेवारी

ब्युटेनॉल, असेटिक आम्ल, पाणी, ४:१:५ प्रमाणात हलवून वरचा थर घेतला. कागद रात्रभर चढू दिला. सकाळी निनहायड्रिन फवारून ओव्हनमध्ये ठेवला.

आज प्रकल्पातला सगळ्यात चांगला दिवस. ग्लुटामिक आम्ल आणि ग्लुटामिन खाली घुटमळले, थिआनिन त्यांना मागे टाकून वर गेलं, नीट गोल ठिपका. तो एक इथाइल गट! त्याच्यामुळे थिआनिन पाण्याला कमी चिकटतं आणि ब्युटेनॉलबरोबर पुढे जातं. आतड्याचं दार तो गट असूनही थिआनिनला आत घेतं, आणि कागद त्याच गटामुळे त्याला ग्लुटामिनपासून वेगळं काढतो. एवढा छोटा बदल, दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वागणारा.

थिआनिन दिलेल्या पिशवीच्या आतल्या पाण्यात तोच ठिपका त्याच उंचीवर आला. न दिलेल्यात त्या उंचीवर काही नाही. म्हणजे निदान काही थिआनिन न तुटता, अख्खं पार झालं, हे डोळ्यांनी दिसलं. ग्लुटामिक आम्लाचा ठिपकाही आहे, पण तो आतड्याचा स्वतःचा की थिआनिन तुटून झालेला, हे या कागदावरून सांगता येणार नाही. शरीरात थिआनिन तुटतं, त्याचं ग्लुटामिक आम्ल आणि इथाइल-अमाइन होतं, मूत्रपिंडात तर नक्कीच. त्याबद्दल आमच्या अहवालात आम्ही काही म्हणणार नाही.

३० जानेवारी

आतडं जिवंत आहे का? मेलेल्या पडद्यातूनही पदार्थ झिरपतातच. कसोटी : दोन्ही बाजूंना सारखाच ग्लुकोज घालायचा, ११ मिलिमोलर (द्रावण किती दाट ते सांगणारं एकक). पेशी जिवंत असतील तर बाहेरचा खेचून आत ढकलतील आणि आतला वाढेल. पाच पिशव्यांपैकी चारमध्ये वाढला. पाचवीत वाढला नाही. तो तुकडा शेवटी उलटलेला होता, चाळीस मिनिटं तसाच पडून होता.

नियम : कापण्यापासून पिशवी द्रावणात जाईपर्यंत अर्ध्या तासाच्या आत. त्यापुढचा तुकडा टाकून द्यायचा, कितीही चांगला दिसला तरी.

८ फेब्रुवारी

मुख्य प्रयोग. आधी १० मिलिमोलर थिआनिन वापरायचा विचार होता, रंग ठळक येतो म्हणून. मैत्रिणीनं अडवलं आणि ती बरोबर होती. इतकं दाट दिलं की वाहक भरून जातात आणि नुसतं झिरपूनच भरपूर पलीकडे जातं, मग वाहकाचा वाटा दिसतच नाही. १ मिलिमोलर ठरवलं, ग्लुकोजसारखंच दोन्ही बाजूंना सारखं. आत १ च्या वर गेलं तर ते चढावर नेलेलं आहे. झिरपण्यानं तसं होत नाही.

अर्ध्या पिशव्या सोडियमच्या द्रावणात, अर्ध्या सोडियम काढलेल्या. सोडियम क्लोराइडच्या जागी कोलीन क्लोराइड, आणि पीएच लावायला कॉस्टिक सोडा नाही, कॉस्टिक पोटॅश. कोलीन क्लोराइड हवेतलं पाणी इतकं पितं की वजन करता करता तराजूचा आकडा चढत राहतो. बाटली उघडून दोन सेकंदांत झाकण. पिशव्या आधी त्याच द्रावणात तीनदा धुतल्या, कारण आतड्यातच भरपूर सोडियम असतं.

पिशव्यांचं आधी-नंतर वजन केलं. पाणीही आत शिरतं, ते धरलं नाही तर आतलं थिआनिन उगाच पातळ दिसतं.

ठिपके कापले, अल्कोहोलमध्ये भिजवून रंग उतरवला, प्रमाण-ठिपक्यांशी ताडून वाचला. सोडियममधल्या सहापैकी एक पिशवी गळकी निघाली (फिनॉल रेड आत आला), ती बाद. उरलेल्या पाचांत आत-बाहेर गुणोत्तर १.१ ते १.६. सोडियम नसलेल्या सहांत ०.८ ते १.०. एकही १ च्या वर नाही.

मैत्रिणीनं आकडे दोनदा काढले. मग माझ्याकडून काढून घेतले.

१६ फेब्रुवारी

तेच पुन्हा, दुसऱ्या दिवशीच्या कोंबडीवर. तीच दिशा. सोडियममधली एक पिशवी मात्र १.० वरच राहिली, कारण सापडलं नाही. तिची नोंद तशीच ठेवली आहे, बाद केलेली नाही. गळती नव्हती, वेळही पाळली होती.

२२ फेब्रुवारी

बाहेरच्या द्रावणात थिआनिनबरोबर दहापट ग्लुटामिन. एकच दार असेल तर ग्लुटामिन थिआनिनला अडवेल. गुणोत्तर घसरलं, सगळं ०.९ ते १.१ मध्ये आलं. ग्लुटामिनचा प्रचंड ठिपका खालून पसरून थिआनिनच्या ठिपक्याला जवळजवळ टेकला, म्हणून कापताना कात्री फार जपून चालवावी लागली. या दिवसाच्या आकड्यांवर माझा सोडियमच्या आकड्यांइतका भरवसा नाही.

२ मार्च

शुद्ध पूड बाजूला ठेवून खराखुरा चहा. बाबांच्या डब्यातल्या दोन टी-बॅगा, ८० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं. तसाच कागदावर ठेवला तर तुरट द्रव्यांचा तपकिरी पट्टा सगळं झाकून टाकतो. पीव्हीपीपीची, म्हणजे तुरट द्रव्यं धरून ठेवणारी, पूड घालून ढवळलं, गाळलं, तेव्हा पाणी फिकट झालं आणि ठिपके मोकळे झाले. थिआनिनचा सगळ्यात मोठा. चहातल्या मोकळ्या अमिनो आम्लांत निम्म्याच्या आसपास एकटं थिआनिन असतं असं वाचलं होतं, कागदावर ते दिसलं.

या चहाच्या पाण्यात एक पिशवी चालवली. आत थिआनिन आलं. एकच पिशवी, म्हणून फक्त फोटो लावणार, आकडा देणार नाही.

९ मार्च

सकाळी सहाला गाडीवर गेले. बाबांना कागद दाखवला. ठिपक्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "ह्योच का त्यो?" मग सगळं विचारत गेले. माणसात किती वेळात जातं? प्यायल्यावर साधारण पाऊण ते एक तासात रक्तात सगळ्यात जास्त होतं, आणि नंतर तासाभराच्या हिशोबानं निम्मं निम्मं होत जातं. आणि डोक्यात? मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीला वेगळं दार आहे, ल्युसिनसारख्या अमिनो आम्लांचं, तिथेही रांगेत थांबावं लागतं. ते आम्ही बघितलेलं नाही, वाचलेलं आहे, हेही त्यांना सांगितलं.

मग बाबा थोडं थांबून म्हणाले, "मीठ नसलं तर दार उघडत न्हाई म्हण की. मग चहात मीठ घालाय पायजे व्हय?" नाही. जेवणातलं असतं, शिवाय पाचकरसांतून आतड्यात रोज भरपूर सोडियम येतं. कमी पडत नाही. कॉलऱ्यात मात्र ते वाहून जातं. बाबांना त्यांच्या लहानपणीची पटकीची गोष्ट आठवली, गल्लीतल्या दोन घरांची. ती त्यांनी मला आधी कधी सांगितली नव्हती. सांगून झाल्यावर बराच वेळ ते पातेलंच ढवळत राहिले.

१८ मार्च

अहवाल मॅडमकडून परत आला. "सोडियमवर अवलंबून असलेला वाहक सिद्ध झाला" या वाक्यावर लाल रेघ. त्याऐवजी "निष्कर्ष सोडियमवर अवलंबून असलेल्या वाहकाशी जुळतात". चार ठिकाणी बदललं. मॅडमचं बरोबर आहे. दोन कोंबड्या आणि एक रंग यावर त्याहून जास्त म्हणता येत नाही.

शाहूपुरीत मामांकडे पेढे दिले. निकाल लागायचाय म्हटलं तर म्हणाले, "लागंल की."

उरलेलं थिआनिन ३४० मिलिग्रॅम, सीलबंद करून डेसिकेटरमध्ये (ओल लागू न देणाऱ्या भांड्यात) पुढच्या वर्षीच्या मुलींसाठी ठेवलं. शेजारी हेपेसची बाटली. तिच्यावर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहिलं : निनहायड्रिन वापरणार असाल तर ट्रिस घेऊ नका.